वाचकांचे प्रश्न : आराखडा कपाटात, पाणी दारात

व्यवसाय-सातत्याच्या नियोजनाविषयी, म्हणजे कार्यालयांतून ज्याला सर्रास 'बीसीपी' म्हटले जाते त्याविषयी, मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे थोडी संक्षिप्त करून देत आहोत. लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत. आराखडा नाही, अशी तक्रार फार थोड्यांची आहे. बहुतेकांकडे आराखडा आहे, छान बांधणी करून ठेवलेला आहे, आणि वेळ आली तेव्हा तो कुणी उघडला नाही. म्हणून पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पुण्यात आमची सुमारे सहाशे कर्मचाऱ्यांची अभियांत्रिकी सेवा कंपनी आहे. आमचा बीसीपी ८४ पानांचा असून त्यात पूर, आग, भूकंप, दंगल, संप अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. लेखापरीक्षणात तो दरवर्षी उत्तीर्ण होतो. मार्च २०२० मध्ये मात्र त्यातले एकही पान उपयोगी पडले नाही. जे काही झाले ते चार जणांनी रात्रभर फोन करून केले. आता व्यवस्थापनाने 'साथरोग' हे नवे प्रकरण जोडायला सांगितले आहे. एवढ्याने भागेल का?
– प्रशासन विभागप्रमुख, पुणे

उत्तर : भागणार नाही. साथरोगाचे प्रकरण जोडाल, आणि पुढचे संकट साथरोगाचे नसेल. संकटांची कारणे मोजून संपत नाहीत. परिणाम मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात. माणसे कामावर येऊ शकत नाहीत, जागा वापरता येत नाही, संगणक किंवा यंत्रे चालत नाहीत, आणि ज्याच्यावर आपण विसंबून आहोत तो बाहेरचा पुरवठादार थांबतो. कोणतेही संकट घ्या, ते या चारांपैकी एका किंवा अनेक दारांनी आत येते. आराखड्याची मांडणी या चार दारांभोवती केली, तर ८४ पानांतली निम्मी पाने आपोआप गळतील.

कारणाभोवती लिहिलेला आराखडा कसा फसतो, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा सुरळीत व्हायला कित्येक तास लागले. 'वीज गेल्यास' हे प्रकरण प्रत्येक मोठ्या कार्यालयाच्या आराखड्यात होते आणि त्याचे उत्तरही तयार होते : इमारतीतला जनरेटर. तो सुरूही झाला असेल. पण कोविडमुळे माणसे त्या इमारतीत नव्हतीच. कुणी डोंबिवलीत, कुणी मीरा रोडला, कुणी ठाण्यात आपापल्या घरी बसलेले होते. काम शेकडो घरांत विखुरलेले आणि डिझेल मात्र रिकाम्या इमारतीच्या तळघरात, अशी ती स्थिती होती. कामाची जागा बदलली आणि आराखड्याला ते कुणी सांगितले नाही.

तेव्हा सुरुवात कामांच्या यादीपासून करा. विभागप्रमुखांना 'तुमचे काम महत्त्वाचे आहे का' असे विचारू नका. 'नाही' असे उत्तर देणारा विभागप्रमुख मला अजून भेटायचा आहे. त्याऐवजी विचारा : तुमचे काम आत्ता बंद पडले, तर चौथ्या तासाला कोणाचा फोन येईल? दुसऱ्या दिवशी कोणाचा? आठवड्यानंतर कोणाचा? ज्या कामासाठी आठवडाभर कुणाचाच फोन येणार नाही, ते यादीत खाली सरकते. शिवाय तारखेचाही विचार करा. पगाराचे काम महिन्याच्या दहा तारखेला चार दिवस थांबले तरी चालते, अठ्ठावीस तारखेला चार तासही थांबत नाही. एकाच कामाला वर्षभर एकच मुदत लावणे ही आराखड्यांतली नेहमीची चूक आहे.

या मुदतीला तंत्रज्ञ मंडळी 'आरटीओ' म्हणतात. आपल्याकडे आरटीओ म्हटले की गाडीच्या पासिंगची रांग डोळ्यांसमोर येते, म्हणून मी बैठकीत 'किती वेळात पुन्हा उभे राहायचे' असेच म्हणतो. तिची जोडीदार दुसरी मुदत आहे : किती वेळाची नोंद गमावली तरी चालेल. रोज रात्री एकदाच बॅकअप घेत असाल, तर दिवसभराची नोंद गमावणे आपण मान्य केले आहे. फक्त ते कुठे लिहिलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. पर्यायी जागा, पर्यायी यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसे हे सगळे असूनही संस्था अडखळतात, कारण 'आता पर्यायाकडे वळा' हे म्हणायचे कुणी, ते ठरलेले नसते. २४ फेब्रुवारी २०२१ चे राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण यासाठी मुद्दाम अभ्यासावे. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या एकाच वेळी डळमळल्या. रस्त्यालगतच्या खोदकामाने हे झाले, असे बाजाराने नंतर सांगितले. जोखीम मोजणारी यंत्रणा हाताशी राहिली नाही आणि सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते, तरीही व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. दुपारी पावणेचारला ते मूळ जागेहूनच पुन्हा सुरू झाले आणि त्यासाठी वेळ पाचपर्यंत वाढवावी लागली. दुरुस्ती 'आता होईल, आता होईल' असे वाटत असताना पर्यायाकडे जाण्याचा निर्णय घेणे किती अवघड असते, हे ज्याने कधी नियंत्रण कक्षात वेळ काढला आहे त्यालाच कळेल. पर्यायाकडे जाण्यातही धोका असतो आणि तो धोका पत्करणाऱ्याचे नाव उद्या चौकशीत येणार असते.

यावर सेबीने त्याच वर्षी मार्चमध्ये जो नियम केला, तो लहान संस्थांनीही उचलण्यासारखा आहे. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा आधीच ठरली. त्या क्षणी धाडस दाखवण्याची गरज उरली नाही. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजारांनी विशेष सत्र घेऊन मधल्या वेळेत खरे व्यवहार पर्यायी केंद्रावर हलवून पाहिले.

आपल्या कंपनीसाठी प्रत्येक महत्त्वाच्या कामाचा एक पाठपोट कागद करा. काम कोणते, किती वेळ थांबू शकते, किती वेळ वाट पाहून निर्णय घ्यायचा, निर्णय घेणारी व्यक्ती कोण, ती न सापडल्यास दुसरी कोण आणि तिसरी कोण, आणि या व्यक्तीला कुणालाही न विचारता किती रुपये खर्च करता येतील, एवढे त्यावर असावे. शेवटची ओळ बहुतेक आराखड्यांत नसते. मध्यरात्री टेम्पो, डिझेल किंवा भाड्याचे लॅपटॉप आणायला तीन सह्या लागत असतील, तर बाकीचा आराखडा शोभेचा आहे. आणि मार्च २०२० मध्ये रात्रभर फोन करणाऱ्या त्या चौघांना बोलावून त्यांनी कुणाला, कोणत्या क्रमाने, का फोन केले, ते लिहून घ्या. तुमच्या कंपनीचा खरा आराखडा त्यांच्या डोक्यात आहे. ८४ पानांचा दस्तऐवज लेखापरीक्षकांसाठी परिशिष्ट म्हणून राहू द्या, त्यांचाही संसार आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीच्या बाजारपेठेत तळमजल्यावर आहे. २०१९ च्या पुरात दप्तराचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर आम्ही कोअर बँकिंग, म्हणजे सगळी खाती एका मध्यवर्ती संगणकावर ठेवणारी यंत्रणा, घेतली आणि डेटा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे असतो. संचालक म्हणतात, आता आराखड्याची गरज नाही. सोनेतारणाची पाकिटे आणि कर्जाची मूळ कागदपत्रे मात्र अजून खालीच आहेत. काय करावे?
– सचिव, सहकारी पतसंस्था, सांगली

उत्तर : आपल्याला नदीने निम्मा आराखडा आयताच दिला आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या 'धोक्याची पूर्वसूचना कोणत्या निकषावर घ्यावी' यावर सल्लागारांना पैसे देतात. सांगलीत मात्र पावसाळ्यात भेटणारा प्रत्येक माणूस आधी 'आयर्विनला किती फूट झालं?' हेच विचारतो. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. किती फुटांना सूर्यवंशी प्लॉट, किती फुटांना दत्तनगर, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असते. आपल्या कार्यालयाच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांना लागते, हे २०१९ च्या खुणेवरून आणि महापालिकेच्या नोंदींवरून ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

मागे मोजताना पाण्याबरोबर टेम्पोचाही हिशेब करा. ४० फुटांची बातमी आली की अख्खी बाजारपेठ एकाच वेळी माल हलवायला निघते. टेम्पो मिळत नाही, हमाल मिळत नाहीत, पुलाकडचे रस्ते तुंबतात. म्हणून आपली हालचाल ३४-३५ फुटांनाच सुरू व्हायला हवी. दोनतीन वर्षांतून एकदा ही मेहनत वाया जाईल, कारण पाणी उतरेल आणि लोक हसतील. हसू द्यावे. आयत्या वेळी संचालक मंडळाची सभा बोलावत बसू नका. मे महिन्याच्या सभेतच ठराव करून घ्या, की अमुक फूट पातळी जाहीर होताच सचिवाने कुणाच्याही परवानगीशिवाय दप्तर हलवावे, खर्चाची मर्यादा इतकी, आणि ते अमुक शाखेत ठेवावे.

सोनेतारणाबाबत एक बारकावा सांगतो. सोन्याला पाण्याने काही होत नाही. पाकिटावरच्या चिठ्ठीला होते. चोवीस तास पाण्यात राहिलेल्या लिफाफ्यांवरची शाई विरघळते, डिंक सुटतो, लाखेचे सील निघून येते. मग तिजोरीत सगळे सोने सुखरूप असते, पण कोणते मंगळसूत्र कोणत्या सभासदाचे, ते कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतरचे वाद पुरापेक्षा जास्त दिवस चालतात. प्रत्येक पाकिटात कर्ज खाते क्रमांक कोरलेला पितळी किंवा प्लॅस्टिकचा बिल्ला घालावा, दागिन्यांचे वजनासह छायाचित्र काढून ते दुसऱ्या शाखेत ठेवावे आणि पाकीट जाड सीलबंद पिशवीत असावे. एवढ्याने मोठा प्रश्न सुटतो. कर्जरोखे, गहाणखते, जामीनदारांच्या सह्यांचे कागद यांची स्कॅन प्रत असली तरी वसुलीच्या दाव्यात मूळ कागद लागतो, म्हणून ते वरच्या मजल्यावर कायमचेच न्यावेत.

आता कोअर बँकिंगचे. डेटा कंपनीकडे आहे याचा अर्थ पाण्याचा धोका कमी झाला, पण पुरवठादाराचा धोका नव्याने आला. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. देशाचे डिजिटल पेमेंटचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला त्या जाळ्यापासून तात्पुरते वेगळे केले आणि सहकारी व ग्रामीण मिळून सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार थांबले. एका दिवसात ते पूर्ववत झाले, हे खरे. पण त्या बँकांनी स्वतः काहीही चूक केली नव्हती, हेही खरे. आपल्या सेवा कंपनीला लेखी विचारा : तुमचे पर्यायी केंद्र कोणत्या शहरात आहे, तिथून आमची शाखा शेवटची कधी चालवून पाहिली, आणि तुम्ही बंद पडलात तर आम्हाला आमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती तासांत मिळेल? गुळमुळीत उत्तर आले, तर करार नूतनीकरणापर्यंत वाट पाहू नका.

आणि पूर ओसरल्याच्या पहिल्या सकाळी सभासदाला कोअर बँकिंग नको असते. त्याला घरात चूल पेटवण्यापुरती रोकड हवी असते. रोज संध्याकाळची शिल्लक यादी कुलूपबंद पेन ड्राइव्हवर दुसऱ्या शाखेत जावी. यंत्रणा बंद असतानाही पासबुक आणि ओळख पाहून ठरावीक छोटी रक्कम देता येईल, वहीत सही घेऊन नंतर नोंद चढवता येईल, अशी मुभा त्याच मे महिन्याच्या ठरावात घ्या. ओळख पटवायला आपले पिग्मी एजंट आहेतच. चेहरे त्यांच्याइतके कोणत्याही संगणकाला पाठ नसतात.

प्रश्न : शिरोली भागात माझी लहान फाउंड्री आहे. ४५ कामगार आहेत. मोठ्या ग्राहकाने बीसीपी मागितला आहे. सल्लागार आयएसओ २२३०१ प्रमाणपत्राचा खर्च सांगतो, तो मला झेपणारा नाही. शिवाय माझा पूर्ण विमा आहे. मग या कागदांची गरज काय?
– कारखानदार, कोल्हापूर

उत्तर : प्रमाणपत्र ग्राहकाने स्पष्टपणे मागितले नसेल, तर ते घेऊ नका. आयएसओ २२३०१ हे व्यवसाय-सातत्याचे आंतरराष्ट्रीय मानक चांगले आहे. २०१२ मध्ये आले, २०१९ मध्ये सुधारले गेले. पण ४५ कामगारांच्या कारखान्याला त्यातली शिस्त पुरते, भिंतीवरची चौकट लागत नाही.

विम्याबद्दल मात्र गैरसमज आहे, तो आधी दूर करतो. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचा समावेश असेल, तर भिजलेले यंत्र आणि माल यांची भरपाई मिळते. कारखाना बंद राहिल्याने बुडालेला नफा आणि त्या काळातले पगार त्यात येत नाहीत. त्यासाठी नफ्याच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. ती पॉलिसीही साधारणपणे तेव्हाच पैसे देते, जेव्हा तुमच्या स्वतःच्या जागेत विम्यात बसणारे नुकसान झालेले असते. ऑगस्ट २०१९ आठवा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. ज्यांच्या शेडमध्ये थेंबभर पाणी शिरले नाही, त्यांचेही कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, तयार होऊन दारात पडून राहिले, आणि चहूबाजूंनी वेढलेल्या गावांतले कामगार येऊ शकले नाहीत. कोरड्या कारखान्याच्या या तोट्यासाठी पॉलिसीत वेगळी तरतूद जोडून घ्यावी लागते. आपल्या पॉलिसीत ती आहे का, हे एजंटाला तोंडी न विचारता कागदावर पाहा. पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून साचे काढतात ते नमुने, ग्राहकाच्या मालकीचे असतील, तर दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात आहे हेही पॉलिसीत नमूद असावे लागते.

पॅटर्नचा विषय निघालाच आहे. फाउंड्रीत भट्टी सर्वांत महाग, म्हणून सगळे तिची काळजी करतात. इंडक्शन भट्टीत वितळलेला धातू असताना वीज गेली, तर कॉइल थंड ठेवणारे पाणी डिझेल पंपावर किंवा उंचावरच्या टाकीतून चालू राहिले पाहिजे आणि धातू ओतून काढला पाहिजे. हे आपल्या फर्नेसवाल्याला माहीत असते. पण लाकडी पॅटर्न तळमजल्याच्या मागच्या खोलीत रचलेले असतात, कारण ते जड असतात आणि रोज लागत नाहीत. पाण्यात लाकूड फुगते, कोपरे उघडतात, मापे जातात. भट्टी दुरुस्त होते. एकेका पॅटर्नला मात्र पुन्हा करायला आठवडे जातात आणि तोवर ग्राहक दुसरीकडे गेलेला असतो. ज्या पाच-सहा पॅटर्नवर आपला निम्मा धंदा चालतो, ते मांडणीच्या वरच्या फळीवर चढवा. एवढे केले तरी ग्राहकाच्या अर्ध्या प्रश्नावलीचे उत्तर झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी तीन गोष्टी लिहा. नदीच्या पलीकडे राहणारे कामगार कोण आणि अलीकडचे कोण. पाणी वाढायला लागले की ग्राहकाकडे आठवडाभराचा जादा माल आधीच पाठवता येईल का. बहुतेक ग्राहक याला आनंदाने हो म्हणतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आणि ओळखीच्या, उंचावरच्या दुसऱ्या फाउंड्रीशी एकमेकांचे कास्टिंग काढून देण्याची बोली, दर आणि अटींसह. स्पर्धकाशी असे बोलायला संकोच वाटतो, हे मान्य. पण कोल्हापुरात एकमेकांच्या भट्टीवर माल काढून घेणे काही नवीन नाही. ते फक्त पावसाळ्याआधी ठरवून ठेवायचे आहे.

प्रश्न : न्हावाशेवा बंदरातल्या मालाचे सीमाशुल्काचे काम आम्ही करतो. बारा माणसांचे कार्यालय आहे. सगळा डेटा क्लाउडवर टाकला आहे. आयटीवाला म्हणतो, आता निर्धास्त राहा. राहावे का?
– कस्टम्स ब्रोकर, पनवेल

उत्तर : आपल्या बंदरालाच याचा अनुभव आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला आणि मेर्स्क या जहाज कंपनीची जगभरची संगणक यंत्रणा काही तासांत कोलमडली. न्हावाशेव्यातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलवरही काम अडले आणि कंटेनरचे ट्रेलर खोळंबले. कंपनीकडे बॅकअप नव्हते असे नाही. पण संपूर्ण जाळ्यात कोणता वापरकर्ता कोण, हे ठरवणारे तिचे मुख्य सर्व्हर एकमेकांच्या नकला करत असत, आणि ती नक्कल हाच त्यांचा बॅकअप समजला जाई. त्यामुळे एक गेला तसे सगळे गेले. घानातला एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून सुटला होता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने बसवावे लागले, आणि कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला. वीज जाणे हा ज्यांना कायम शाप वाटतो, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

क्लाउडवर सतत जुळत राहणारी प्रत ही नक्कल आहे. आपण चुकून फाइल पुसली किंवा कुणी ती कुलूपबंद केली, तर ते कुलूपही इमानेइतबारे तिकडे पोहोचू शकते. म्हणून एक प्रत अशी ठेवा जिला जाळ्यातून हातच लावता येत नाही. बारा माणसांच्या कार्यालयाला आठवड्यातून एकदा जोडून पुन्हा काढून ठेवलेली हार्ड डिस्क पुरते. आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून एखादी जुनी फाइल वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून बघा. पूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तिथे दोन वर्षे रोज रात्री 'बॅकअप यशस्वी' अशी हिरवी खूण उमटत असे. गरज पडली तेव्हा कळले, की जागा बदललेल्या फोल्डरचा जुना, रिकामा पत्ता आम्ही इतके दिवस निष्ठेने जतन करत होतो.

आपल्या धंद्यातला खरा अडसर मात्र डेटा नसावा. आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर, कागद दाखल करायला डिजिटल सहीचे टोकन लागते आणि बँकेतून पैसे सोडायला ओटीपी येतो. ते टोकन कोणाच्या खणात असते आणि तो मोबाइल कोणाच्या खिशात असतो? बहुतेक छोट्या कार्यालयांत दोन्हीचे उत्तर एकच व्यक्ती असते, आणि ती व्यक्ती गावी जत्रेला गेली की सगळा क्लाउड जागेवर असूनही काम थांबते. दुसऱ्या भागीदाराच्या नावाने दुसरे टोकन काढणे हा या वर्षातला आपला सर्वांत स्वस्त बीसीपी ठरेल.

प्रश्न : कोकणात नदीकाठच्या तालुक्याच्या गावी आमचे ४० खाटांचे रुग्णालय आहे. आराखडा आहे, पण सराव कसा घ्यायचा हे कळत नाही. रुग्णांची सेवा बंद करून पाहता येत नाही. दरवर्षी तारीख जाहीर करून सगळ्यांना आवारात जमवतो, छायाचित्रे काढतो आणि संपते.
– व्यवस्थापक, रुग्णालय

उत्तर : तारीख जाहीर करून घेतलेला सराव म्हणजे गॅदरिंग. तो लोकांना जिना कुठे आहे एवढेच शिकवतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी पहाटेच्या अंधारात शिरले आणि पाहता पाहता चढले. तेव्हा कुणाच्याही रुग्णालयात व्यवस्थापक, तंत्रज्ञ, लेखापाल हजर नसतात. असतात रात्रपाळीच्या सिस्टर, एक डॉक्टर, मावशी आणि पहारेकरी. सराव त्यांचा घ्या, त्यांच्याच वेळेला. सेवा बंद करण्याची गरज नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात जा, एक खुर्ची ओढून बसा आणि प्रभारी सिस्टरना शांतपणे विचारा : तळमजल्यावर पाणी आले आहे, वीज गेली आहे, जनरेटर खाली होता तो बंद पडला आहे, तुमचा पहिला फोन कोणाला? मग तो फोन खरोखर लावायला सांगा. उचलला जातो का ते पाहा. जनरेटर आजही खाली असेल, तर सरावाच्या आधी तो वर चढवण्याचा अंदाजखर्च मागवा. काही दोष सरावाने दूर होत नाहीत.

त्यानंतर वस्तूंचा हिशेब करा आणि तो मोजून करा. रुग्णाला लावलेला नसताना प्रत्येक व्हेंटिलेटर बॅटरीवर किती मिनिटे चालतो ते घड्याळ लावून बघा; बॅटरी जुनी झाली की पुस्तिकेतला आकडा खरा राहत नाही. ऑक्सिजनच्या एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो अकरा-साडेअकरा तास पुरतो. पाइपलाइनचा मॅनिफोल्ड, म्हणजे तिला वायू पुरवणाऱ्या सिलिंडरांची जोडणी, तळाशी असेल, तर वरच्या मजल्यावर किती सुटे सिलिंडर, किती रेग्युलेटर आणि ते उघडायचा पाना कुठे आहे, हे सिस्टरना अंधारात सापडायला हवे. पाना सापडला नाही, असे सरावात हमखास होते.

शेवटी माणसांचा हिशेब. व्हेंटिलेटर बंद पडल्यावर रुग्णाला अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यावा लागतो, मोठ्या माणसाला मिनिटाला दहा-बारा वेळा, न थांबता. म्हणजे एका रुग्णामागे एक माणूस पूर्णपणे अडकला, आणि हात भरून येतात म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्याला बदलीही हवी. आज रात्री आपल्याकडे असे रुग्ण तीन असतील आणि पाळीवर चार जणी असतील, तर बाकीच्या सदतीस खाटांकडे एकच सिस्टर उरते. पहारेकऱ्याला, रुग्णवाहिकेच्या चालकाला, कॅन्टीनच्या पोराला बॅग दाबायला शिकवले आहे का? पुतळ्यावर अर्ध्या तासात शिकवता येते. पुढच्या महिन्यात एका रात्री तेवढेच करा, आणि बदली न देता कोण किती मिनिटे दाबू शकले ते पाळीच्या वहीत नावासमोर लिहून ठेवा.